विचारा ताईला: दुभाषी व्हायचंय, पण थेरपीच्या खोलीत

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले होते की परदेशात निर्वासित मुलांची ट्रॉमा थेरपी (मनाला बसलेल्या जबर धक्क्यावरचे उपचार) चालते तेव्हा थेरपिस्टला मुलाची भाषा येत नसेल तर मधे दुभाषी बसतो, आणि त्यालाही वेगळं ट्रेनिंग लागतं, नुसती भाषा येऊन भागत नाही. तेवढ्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्याच्यावरच घेतलंय. नावं कुणाचीच देत नाही, प्रश्न थोडे कापलेत.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीची, सध्या जर्मनीत मास्टर्स करतेय. इथं ओळखीच्या एका बाईंनी विचारलं की मुलांच्या वसतिगृहात सोळा वर्षांचा एक अफगाण मुलगा आहे, एकटाच आलाय, त्याची थेरपी सुरू करायचीय पण दुभाषी मिळेना. तो काही वर्षं पाकिस्तानात होता म्हणून उर्दू बोलतो, तुला हिंदी येतं, जर्मनची बी टू ही मधली पातळी झालीय, तर तू बसशील का? मला जायचंय पण भीती वाटतेय. आधी काय शिकू?

उत्तर: हो म्हणायच्या आधी त्या बाईंना एवढं विचार की पोराची घरची भाषा कुठली, दारी, पश्तो का हजारगी, आणि ही उर्दू त्याने कुठं उचलली. आईने शेवटचं काय सांगितलं, वडलांना कुठं नेलं, हे सगळं त्याच्या डोक्यात घरच्या भाषेत बसलेलं असणार. उर्दूत तो सांगेल सगळं, पण दुसऱ्या कुणाचं तरी सांगितल्यासारखं सांगेल. कधी उलटंही असतं बरं का, मुलाला मुद्दाम परकी भाषा हवी असते, कारण आपल्या भाषेतला माणूस समोर आला की हा कुठल्या गटाचा, आपल्या गावात कुणाला कळवणार तर नाही ना, ही धास्ती. त्यामुळं हे त्यालाच विचारायला हवं, आणि बाई दुभाषी चालेल का, भारतातली चालेल का हेही विचारायला हवं. तो नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नकोस.

दुसरं तुझ्या जर्मनचं. बी टूवर युनिव्हर्सिटी, दुकान, ऑफिस सगळं निभतं. पण ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं आणि मग मी तिथं नसतोच’ असलं वाक्य तुला जर्मनमधे एका दमात सांगता येतंय का बघ. नाही आलं तर थेरपिस्टला आधीच सांगून टाक. ‘थांबा, हे मला नीट कळलं नाही, परत विचारते’ एवढं न लाजता म्हणता आलं की दुभाष्याचं अर्धं काम आलं, आणि ट्रेनिंगमधे सगळ्यात जास्त घासून घ्यावं लागतं ते हेच. विशेषतः हुशार पोरींकडनं.

तुझ्यासारख्या स्टुडंटला का विचारतात तेही सांगते. २०१५ साली जर्मनीत जवळपास ८ लाख ९० हजार माणसं आसरा मागायला आली आणि त्या एका वर्षात बरोबर आईबाप नसलेली ४० हजारांवर मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने आपल्या देखरेखीखाली घेतली. थेरपीचा खर्च विम्यातनं निघतो, पण दुभाष्याचे पैसे सरकारी आरोग्य विम्यात साधारणपणे बसत नाहीत, मग कुठल्या तरी दुसऱ्या निधीतनं जुळवाजुळव करायची, नाहीतर ओळखीतनं कुणीतरी बघायचं. मला हे अजिबात पटत नाही. ऑपरेशनला भूल द्यायला आपण शेजारच्या पोराला बोलवत नाही ना. पण आहे ते असं आहे.

आता ट्रेनिंगचं. आमच्याकडं दुभाष्यांच्या ट्रेनिंगला मी स्वतःच मुलगा बनून बसते आणि सांगायला सुरुवात करते. ट्रक होता, वर ताडपत्री, आत अंधार, आम्ही चिकटून बसलेलो, पहाटे कधीतरी शेजारच्या पोराचा हात लागला तर तो गार होता. समोरचा दुभाषी थेरपिस्टकडं वळून म्हणतो, ‘प्रवासात त्याला खूप त्रास झाला म्हणतोय.’ पहिल्या खेपेला बहुतेक सगळे असंच करतात आणि त्यांना कळतही नाही की आपण काही गाळलं. मुद्दाम कुणी करत नाही, गार हात हा शब्द तोंडातनं काढायलाच नको वाटतं. पण मुलगा अडकलाय तो नेमका त्या हाताशीच. आपण त्याला हलवायला हवं होतं का, आपण झोपलो म्हणून तो गेला का, हे त्याच्या डोक्यात फिरतंय, आणि थेरपिस्टला तर हाताचं काही माहीतच नाही. ट्रॉमाच्या ज्या उपचारांना पुरावा आहे त्यातल्या बऱ्याच उपचारांत त्या आठवणीजवळ हळूहळू, बेताबेताने जायचं असतं. दुभाष्याने वाट मऊ करून दिली की मुलगाही तिथनंच वळून परत येतो, आणि टाळणं हाच तर या आजाराचा एक भाग आहे. उलटा प्रकारही बघितलाय, दुभाष्याचाच गळा भरून येतो आणि तो मुलाच्या वाक्यात आपल्या पदरचं दुःख घालतो. तेही नको.

म्हणून ‘तो म्हणतोय की’ हे सोडून द्यायचं. मुलगा ‘मी’ म्हणाला की तूही ‘मी’ म्हणायचं. तीनचार वाक्यांवर थांबायला लावायचं, हात थोडा वर केला तरी पोरं शिकतात. खुर्च्या तिकोनात, थेरपिस्टने मुलाकडं बघून बोलायचं, तुझ्याकडं नाही. तो गप्प झाला तर तूही गप्प. हे लई अवघड जातं, आपल्याला शांतता पाच सेकंदसुद्धा सोसत नाही, लगेच ‘अरे बोल ना, घाबरू नको’ तोंडात येतं. ती शांतता कधी संपवायची हे थेरपिस्टचं काम.

आणि एक दिवस तो तुझ्याकडं वळून विचारणारच, दीदी तुम्हीच सांगा, माझी चूक होती का? तुझ्या जिभेवर ‘नाही रे बाळा’ येईल. ते गिळायचं आणि प्रश्न जसाच्या तसा जर्मनमधे थेरपिस्टसमोर ठेवायचा. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी नावाची, विचार आणि वागणं यांवर काम करणारी मुलांसाठीची थेरपी आहे, कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांनी अमेरिकेत तयार केलेली, साधारण १२ ते १६ सेशनची, तिच्यात ‘माझीच चूक’ या विचारावर सावकाश काम करायचं असतं. तू दोन शब्दांत समजूत घातलीस तर तो मान हलवेल, विचार मात्र तसाच आत राहील, आणि थेरपिस्टला कळणारही नाही की त्याने असं काही विचारलं होतं.

तुझ्या तिथल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी एक वेगळी पद्धत बसवलीय, नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी, लहान मुलांसाठी तिचं किडनेट. जमिनीवर एक दोरी टाकतात, हे तुझं आयुष्य, चांगल्या आठवणीला फूल, वाईटाला दगड, आणि मग एकेका सेशनला एकेक दगड घेऊन सुरुवातीपासनं सांगायचं. थेरपिस्ट ते लिहून घेतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो, म्हंजे तू जे बोललीस तेच तुझ्याकडनं परत उलट्या दिशेने मुलाच्या कानावर जातं. मागच्या वेळी काही गाळलं असशील तर तिथं पकडली जाशील. मला ही पद्धत दुभाष्यांच्या शिस्तीसाठी फार आवडते. याच पद्धतीत युगांडातल्या नाकिवाले वस्तीत रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांमधल्याच साध्या माणसांना शिकवून काउन्सेलर केलं होतं, आणि त्यांचं काम चांगलं झालं. तेव्हा डिग्री नाही म्हणून घाबरू नकोस. पण ते लोक शिकवल्यावर बसले होते, शिकवायच्या आधी नाही.

तू तीन गोष्टी मागून घे आणि नाही मिळाल्या तर जाऊ नकोस. सेशनच्या आधी पंधरा मिनिटं थेरपिस्टबरोबर, आज कशावर बोलायचंय ते कळायला. सेशननंतर दहा मिनिटं, त्यात भाषेचं बोलायचं आणि तुझं कसं झालं तेही. आणि सगळ्या सेशनला दुभाषी तूच, दर वेळी नवीन माणूस नाही. शिवाय त्याच्या आसऱ्याच्या अर्जाच्या मुलाखतीला दुभाषी म्हणून तू बसायचं नाहीस. तिथं त्याचं सांगणं तपासलं जातं, इथं ऐकलं जातं, आणि दोन्हीकडं एकच तोंड दिसलं की पोरगं इथंही जपून बोलायला लागतं.

बाहेर फोन नंबर द्यायचा नाही, बसस्टॉपपर्यंत गप्पा मारत जायचं नाही. आपल्याकडच्या माणसाला हे पाषाणहृदयी वाटेल, जेवलास का एवढं तरी विचारायला नको होय? विचार की. पण आत, थेरपिस्टसमोर, आणि काय विचारलंस ते तिला जर्मनमधे सांगून.

प्रश्न: ताई, माझी मिसेस घरातनंच काम करते, बाहेरच्या कंपनीसाठी फोनवर इंग्लिश-हिंदी-उर्दू दुभाषी म्हणून. रात्रीची शिफ्ट, हेडफोन लावून आतल्या खोलीत. आधी दवाखान्याचे, बँकेचे कॉल असायचे, आता निर्वासित पोरांच्या काउन्सेलिंगचे यायला लागलेत एवढंच म्हणाली. विचारलं तर कॉन्फिडेन्शियल आहे म्हणते. पण बातम्या लावू देत नाही, पोरगं क्लासवरनं दहा मिनिटं उशिरा आलं की रडकुंडीला येते, परवा भरल्या ताटावरनं उठली. काम सोडायला लावू का? (कळंबा)

उत्तर: दादा, लगेच सोडायला लावू नका, तिला ते काम करता येतं म्हणून तर असले कॉल तिच्याकडं येतायत. पण तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे आणि त्याला नाव आहे, दुसऱ्याचा ट्रॉमा ऐकून ऐकून आपल्याला लागणं. दुभाष्याला ते जरा जास्तच लागतं, कारण ऐकणारा नुसता ऐकतो, ही मात्र ‘मला बांधून ठेवलं होतं’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणते, एका रात्रीत वेगवेगळ्या पोरांचं. त्यात फोनवरचं काम. समोर बसणाऱ्या दुभाष्याला निदान पुढच्या आठवड्यात तेच पोरगं थोडं हसताना दिसतं, फोनवरच्याला काहीच कळत नाही, कॉल कट, पुढचा कॉल, आणि पुढचा कॉल कुणाच्या तरी क्रेडिट कार्डाचा.

तिला ‘काय झालं’ विचारू नका, तिला सांगता येत नाही आणि न सांगितल्याचा तुम्हाला राग येणार. ‘आज कॉल जड होता का’ असं विचारा, त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. आणि तिला हे सांगा की गुप्तता त्या पोराच्या नावगावाची आणि त्याच्या कहाणीची आहे, स्वतःची झोप उडालीय हे बोलायला कुणाची बंदी नाही. कंपनीकडं तिने लेखी मागावं: असल्या कॉलनंतर लगेच दुसरा कॉल नको, महिन्यातनं एकदा तरी सीनिअरबरोबर बोलायची वेळ, आणि एखादा कॉल नाकारला तर रेटिंग कापायचं नाही. शेवटचं ते फार महत्त्वाचं, कारण तिचं स्वतःचं काही जुनं असेल, जे तुम्हालाही माहीत नसेल, तर त्याच प्रकारचा कॉल आला की खपली निघते.

शिफ्ट संपली की हेडफोन ड्रॉवरमधे, दार बंद, तोंड धुऊन मगच अंथरुणात, आणि सकाळी कळंबा तलावावर एक फेरी, तुम्ही बरोबर जा. यानेही दोनतीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, दचकणं थांबलं नाही तर काउन्सेलरकडं जावं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला शिफ्ट संपणाऱ्या बाईला तो बरा पडतो.

प्रश्न: मॅडम, मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा, वय ७९. फाळणीनंतर आमचे वडील सिंध सोडून इथं आले, वळिवड्याच्या त्या बराकीत राहिले ज्यात आधी पोलंडची माणसं होती. ना पोलंडवाल्यांना कुणी थेरपी दिली ना आम्हाला. सगळे उभे राहिले, दुकानं टाकली. हे आता नवीन फॅड वाटत नाही का तुम्हाला?

उत्तर: काका, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे आणि ते अर्धं मी ट्रेनिंगमधे सांगतेच. निर्वासित मुलांवरचे वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर साधारण चार-पाचातल्या एकाला पीटीएसडी, म्हंजे धक्का होऊन गेला तरी मनातनं न जाण्याचा आजार, निघतो. म्हंजे बाकीच्यांना तो नसतो, त्यांना शाळा, कागदपत्रं, नीट जेवण आणि परत हाकलून देणार नाहीत एवढी खात्री मिळाली तर बहुतेक जण आपलेआप सावरतात. सरसकट सगळ्यांना थेरपीला बसवा म्हणणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही.

पण वळिवड्याचंच बघा. १९४३ ते १९४८ तिथं साधारण ५ हजार पोलिश माणसं होती, जास्त करून बायका आणि पोरं. सोव्हिएत राजवटीने १९४० च्या सुमाराला घरातनं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकलेली, मग इराणमार्गे इथवर आलेली. त्यांच्यासाठी छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊट होते. बऱ्याच पोरांबरोबर आया होत्या. रात्री पोरगं ओरडत उठलं तर शेजारच्या बराकीतली बाईसुद्धा त्याच्याच भाषेत त्याला थोपटू शकत होती. तुमच्याकडंही सगळी गल्ली सिंधी बोलणारी. वरच्या प्रश्नातला अफगाण पोरगा ज्या इमारतीत राहतो तिथं त्याची भाषा बोलणारं कुणी नसेल तर आठवड्यातनं तासभर तो दुभाषीच, म्हणून त्या दुभाष्याबद्दल एवढी चिकित्सा.

आणि सगळे उभे राहिले हे कुणी मोजलं होतं का हो? दुकान चालवणारा माणूस दिसतो, पन्नास वर्षं रात्री तीनदा उठून कडी तपासणारी आजी दिसत नाही. तुमच्या घरात होती का असं कुणी, विचारून बघा थोरल्या मंडळींना. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मधे आपले पंतप्रधान तिथं जाऊन आले, इथं महावीर गार्डनमधेही खूण आहे. तुम्ही लिहा काका तुमच्या वडलांचं, मी संपादकांकडं जागा मागते.

प्रश्न: मधे परका माणूस कशाला? मोठी बहीण, काका, कुणीतरी घरचं असतंच की भाषा येणारं. आणि आता तर मोबाईलवर भाषांतर होतं. (उजळाईवाडी)

उत्तर: अपॉइंटमेंट कितीला आहे, गोळी जेवणाआधी की नंतर, याला बहीणही चालेल आणि मोबाईलही. पण बहिणीसमोर पोरगं सांगणार नाही की वाटेत तिला एकटीला सोडून मी पळालो होतो. आणि काका तर कधी कधी त्या गोष्टीतच असतात. लहान भावंडाला तर अजिबात बसवू नये, त्याने घरच्यांच्या जखमेचं भाषांतर करायचं म्हंजे एका आजाऱ्याचे दोन आजारी. मोबाईलला रडणं ऐकू येत नाही, बाकी काही बोलत नाही.

प्रश्न: दीदी, मी इचलकरंजीत राहते, माझी भाषा ओडिया, नवरा यंत्रमागावर आहे, मराठी मला चांगलं येतं. आमच्या वस्तीतल्या एका लहान मुलीच्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या) केसमधे पोलिसांनी मला भाषेसाठी बोलावलं. ती रडायला लागली तर मला काय करावं कळेना, जवळ घ्यावं का? अशा कामाचं ट्रेनिंग इथं मिळतं का? पैसे मिळतात का, विचारायची लाज वाटते.

उत्तर: ताई, तुम्ही निर्वासितांसाठी नाही बसलात पण काम तेच आहे, म्हणून तुमचा प्रश्न मुद्दाम घेतला. आधी तुमचा हक्क. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाला भाषा कळत नसेल तर तक्रार नोंदवताना दुभाषी द्यायचाच असतो, आणि जबाब घेताना, कोर्टात साक्ष होतानाही गरज असेल तर घेता येतो. २०२० च्या नियमांत असं आहे की जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची यादी ठेवायची. पात्रतेला पदवी लागत नाही, मुलाची भाषा आणि राज्याची भाषा कामापुरती यायला हवी, मग ती मातृभाषा म्हणून असो, शाळेत शिकून असो नाहीतर त्या भागात राहून असो. तुम्ही यात बसता. कोल्हापूरच्या कक्षात जाऊन नाव नोंदवा आणि ट्रेनिंग कधी असतं ते तिथंच विचारा.

जवळ घ्यावं का, तर नाही, पण त्यासाठी दुसरं माणूस असू शकतं. मुलाबरोबर राहायला सपोर्ट पर्सन देण्याची सोय त्याच नियमांत आहे, बालकल्याण समिती तो देऊ शकते, तो नसेल तर ‘सपोर्ट पर्सन कुठं आहे’ असं तुम्हीच विचारा. ती रडली तर ‘ती रडतेय, थांबूया’ असं मराठीत साहेबांना सांगा आणि तेच ओडियात तिला, म्हंजे तिला कळेल की आपल्यामुळं थांबलेत. तिच्या वाक्याला सरळ करायला जाऊ नका, ती अर्धवट बोलली तर अर्धवटच सांगा. मुलांचं पुढंमागं होतं, ते तुम्ही नीट लावून दिलं तर उद्या कोर्टात तिचंच सांगणं वेगळं निघेल.

एक अडचण तुम्ही लिहिली नाही पण ती आहे, मुलगी तुमच्याच वस्तीतली. नियमांप्रमाणे दुभाषी निःपक्ष पाहिजे आणि ओळखपाळख, नातं, वैर काही असेल तर आधी सांगायला पाहिजे. तेव्हा ‘मी यांना ओळखते’ हे पहिल्याच मिनिटाला नोंदवून घ्या, दुसरं कुणी मिळत असेल तर बघू दे त्यांना. पुढं त्या मुलीचं काउन्सेलिंग सुरू झालं तर तिथं शक्यतो तुम्ही नको, जबाबाला आणि तिथं एकच तोंड दिसलं की ती जपून बोलायला लागेल. आणि वस्तीत बायका नळावर विचारतीलच, काय झालं गं पोलिसात? त्याला ‘मला भाषेसाठी नेलं होतं’ एवढंच उत्तर, रोज तेच, कंटाळून विचारायच्या बंद होतील.

पैशाचं विचारा, बिनधास्त विचारा. नियमांतच लिहिलंय की दुभाष्याला मोबदला द्यायचा, तो राज्य सरकारच्या निधीतनं, आणि कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. पोलीस स्टेशनला जायच्या-यायच्या तारखा वहीत मांडून ठेवा, कुणी बोलावलं त्या साहेबांची सही घ्या, आणि ती वही घेऊनच कक्षात जा.